अजून निघाले नाहीत

"आजी, टॉर्च जरा खाली धरा," टीव्हीच्या पाठीमागून आवाज आला.

"आजी कुणाची रे? तुझ्या डोक्यावर माझ्याहून कमी केस आहेत," मी म्हटलं. टॉर्च मात्र खाली धरली.

मेकॅनिकचं टक्कल टीव्हीमागून बाहेर आलं, हसलं आणि पुन्हा आत गेलं. "बरं, मावशी."

"मावशी चालेल."

मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता आणि येरझारा घालत होता. सून स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी. प्रश्न एकच होता. आमचा हा टीव्ही नवं, एचडी प्रक्षेपण पकडतो की नाही? टेकडीवरच्या टॉवरवरून येणारं जुनं प्रक्षेपण आज संध्याकाळच्या बातम्यांनंतर कायमचं बंद होणार होतं. कितीतरी दिवस पडद्याच्या तळाशी तशी पट्टी पळत होती. मी शाळेत गेले ती जोडाक्षरांच्या उंबरठ्यापर्यंत. एक शब्द लावीपर्यंत पट्टी पुढच्या गावाला पोचलेली असायची. शेवटी सुनेने वाचून दाखवलं, आणि वाचताना तिला जरा जास्तच आनंद झाला असं मला वाटलं.

"इथली पाटी कुणी घासलीय का?" मेकॅनिक आतून म्हणाला. "मॉडेलचा नंबर असतो इथे. नंबर कळला असता तर एका मिनिटात सांगितलं असतं. एक अक्षर शिल्लक नाही."

"मी घासलीय. काथ्याने. चिकट झाली होती."

"आई!" मुलाने कपाळाला हात लावला. "टीव्हीच्या पाठीला कोण काथ्या लावतं?"

"ज्याला स्वच्छतेची सवय आहे तो लावतो. तू स्वतःच्या पाठीलाही लावत नाहीस."

सून हसू गिळून छताकडे बघू लागली.

मेकॅनिक गुडघ्यांवरची धूळ झटकत पुढे आला. पडद्याच्या कोपऱ्यात एक स्टिकर होता, तोही माझ्या काथ्यातून अर्धाच वाचलेला. मुलाने त्यावर बोट ठेवलं. "हे बघा, 'रेडी' लिहिलंय. एचडी रेडी. म्हणजे पकडणारच."

"तसं नसतं, साहेब. रेडी म्हणजे पडदा दाखवायला तयार आहे. हवेतून ते पकडणारा भाग आत असेलच असं नाही. कुणात असतो, कुणात नसतो."

"म्हणजे नवरी नटून बसलीय, पण वऱ्हाडाला रस्ता सापडेल याची खात्री नाही," मी म्हटलं.

"अगदी तसं, मावशी." त्याने रिमोट घेतला आणि पडद्यावर एकामागून एक चौकटी उघडल्या. "इथे 'डिजिटल' असं दिसतंय. म्हणजे आशा आहे. पण यादीत असून आत नसलेलेही मी पाहिलेत. खात्रीचा उपाय एकच. नव्याने स्कॅन करायचं. एचडी चॅनल सापडले तर टीव्ही चांगला, नाही सापडले तर वेगळा डबा लावा नाहीतर नवा घ्या."

"करा मग," मुलगा म्हणाला.

"करतो. फक्त एक सांगून ठेवतो. स्कॅन सुरू केलं की आधीचं सगळं पुसलं जातं. जुना चॅनल जाईल. तसाही आज जातोच आहे म्हणा."

त्याचं बोट बटणावर टेकलं आणि मी रिमोट काढून घेतला. हिसकावला असं सून नंतर सांगत होती. मी हिसकावत नाही. घेते.

"आत्ता नाही. संध्याकाळी. बातम्या संपल्यावर."

"आई, त्यांना दहा घरं आहेत आज!"

"मग अकरावं हे. शेवटी यावं. चहा मिळेल."

"पण का?"

"माझी मर्जी."

या घरात या उत्तरावर अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही. मेकॅनिक आपली हत्यारं पिशवीत टाकू लागला. तेवढ्यात सून दारातून म्हणाली, "जाता जाता याचा एक बिघाडही बघा ना. रोज सकाळी प्रक्षेपण सुरू झालं की पडदा दोनदा काळा होतो. डोळे मिटल्यासारखा. दोनदाच. मग दिवसभर काही नाही."

इतकी वर्षं मी समजत होते की हे मला एकटीलाच दिसतं.

मेकॅनिकने पिशवी खाली ठेवली. "रोज? दोनदाच? तार सैल असती तर केव्हाही गेला असता. घड्याळ लावून बिघडत नाही वस्तू. हे वरून होत असणार, टॉवरवरून. तिथे बसलेला माणूस करत असेल."

"तिथे कुणी बसत नाही," मुलगा म्हणाला. "बाबा गेल्यापासून कुलूप आहे केंद्राला. सगळं शहरातून आपोआप चालतं."

पडद्यावरची बाई फुलदाणीत फुलं कशी रचायची ते सांगत होती.

"दिवेलागणीला येतो," मेकॅनिक म्हणाला, आणि आला होता त्याहून लवकर गेला.

*

माझा नवरा टीव्हीत होता. लग्न झालं तेव्हा मी शेजारणींना असंच सांगायची. त्या विचारायच्या, "कोणत्या नाटकात?" मी म्हणायची, "सगळ्या." त्या डोळे मोठे करायच्या आणि मग रात्रभर पडद्यावर त्यांना शोधत बसायच्या. सापडले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी टोमणे मारायच्या. मी सांगितलं, "ते दिसत नाहीत म्हणून बाकीचे दिसतात. उजेड बघताना दिव्यातलं तेल कधी बघितलंय का?" तेव्हापासून मला कुणी फारसं काही विचारत नाही.

हे टेकडीवरच्या केंद्रात ऑपरेटर होते. सकाळी अंधुक उजेडात डबा घेऊन टेकडी चढायची, यंत्र सुरू करायचं, रंगीत पट्ट्यांचं चित्र लावायचं, मग कार्यक्रम. दिवसभर एका लहान पडद्यासमोर बसून चित्र थरथरत नाही ना, रंग फाटत नाहीत ना, एवढंच बघायचं. जगातले सगळे कार्यक्रम यांच्या डोळ्यांखालून गेले, पण गोष्ट एकाचीही सांगता यायची नाही. मी विचारायची, "काल त्या पोरीचं लग्न झालं का हो शेवटी?" हे म्हणायचे, "कोणती पोरगी? तुम्ही माणसं बघता. मी रेघा बघतो."

बोलणं तेवढंच. चार शब्द लागतील तिथे दोन खर्च करणारा माणूस. माझ्या वाट्याला त्यांचेही शब्द आले, म्हणून तर मला एवढं बोलता येतं.

टेकडीची वाट वाईट. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. धुकं असलं की पुढचं पाऊल घरी विसरून आल्यासारखं वाटायचं. त्यात टॉवरवर वीज उतरायची. यांच्या आधीचा माणूस त्या वाटेवरून घसरला आणि लंगडत रिटायर झाला. तेव्हा घरात फोन नव्हता. मी एकदा भांडले. म्हटलं, तुम्ही वर पोचलात की दरीत पोचलात, मला कळणार कसं? संध्याकाळी दार वाजेपर्यंत मी काय श्वास धरून बसू?

हे जेवत होते. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "टीव्ही लावून ठेवत जा."

दुसऱ्या दिवशी मी लावून बसले. रंगीत पट्ट्या आल्या. आणि मग पडदा काळा झाला, पट्ट्या आल्या, पुन्हा काळा झाला, पुन्हा पट्ट्या. इतकं झटकन की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर आपलीच पापणी लवली समजलं असतं.

संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "दोन म्हणजे पोचलो. एक म्हणजे निघालो."

नियमाबाहेर चपलेचा अंगठाही न टाकणारा माणूस. सरकारी पेन्सिल चुकून खिशात राहिली तर ती परत ठेवायला टेकडी चढून गेलेला. त्याने आयुष्यभर रोज, सगळ्या मुलखाच्या डोळ्यांदेखत, माझ्यासाठी प्रक्षेपणाचे डोळे मिटवले. एकदा वरून तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, हे काय होतं? हे म्हणाले, "जुनं यंत्र आहे. डोळा मिचकावतं." साहेबांनी ते खरं मानलं. यांचा चेहराच तसा होता. खोटं तिथे कुठे बसलंय ते सापडायचं नाही.

टीव्ही कुठे ठेवायचा तेही यांनीच ठरवलं. स्वयंपाकघर, मधलं दार आणि बाहेरची खोली एका रेषेत. गॅसपाशी उभी राहिले तरी मला पडदा दिसावा. माझ्या पाठीशी मागचं दार, टेकडीकडे उघडणारं. हे तिथूनच घरात यायचे, बूट चिखलाचे म्हणून. सकाळी दोनदा काळं झालं की मी म्हणायची, "बरं." आणि कामाला लागायची. संध्याकाळी एकदा काळं झालं की म्हणायची, "बरं." आणि पातेलं गॅसवर ठेवायची. पातेल्यावरचं झाकण खडखडायला आणि मागचं दार वाजायला एकच गाठ. म्हणून या घरात जेवण कधी दोनदा गरम झालं नाही.

एकदा मी म्हटलं, "मी आपली वेड्यासारखी त्या पट्ट्यांना 'बरं' म्हणते."

हे म्हणाले, "माहीत आहे. तू म्हणेपर्यंत मी बटणाजवळून हलत नाही."

थट्टा होती. यांनी केलेली थट्टा मोजायला एका हाताची बोटं पुरतील, म्हणून लक्षात राहिली.

मग तो दिवस. सकाळी दोन आले. संध्याकाळी एक आला नाही. बातम्या लागल्या, संपल्या. मी पातेलं गॅसवर ठेवलं नाही. बाहेर जीप थांबली. केंद्राचा रखवालदार आणि आणखी कुणीकुणी दारात उभे राहिले, चपला न काढता. रखवालदार म्हणाला, "वहिनी, जरा बसा."

मी म्हटलं, "बसायला वेळ नाही. अजून निघाले नाहीत ते."

त्यांना वाटलं मला धक्का बसलाय. धक्का कसला? मी खरं तेच सांगितलं. खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते, समोरच्या पडद्यावर रेघा सरळ होत्या, असं रखवालदार पुढे सांगत राहिला. जीपमधून जे आणलं त्याचं जे करायचं असतं ते सगळं मी केलं, कुठे कमी पडू दिलं नाही. पण मनातून मी त्याला आलेलं धरलं नाही. न सांगता यायची यांना सवयच नव्हती.

आठवडे गेले. एका सकाळी सवयीने टीव्ही लावला. पट्ट्या आल्या. काळं. पट्ट्या. काळं. पट्ट्या.

तोंडातून निघून गेलं, "बरं."

मला वाटलं, नवा माणूस असेल, यंत्राची सवय त्याच्या हाताला लागली असेल. बाजारात रखवालदार भेटला तेव्हा विचारलं, नवे कसे आहेत म्हणून. तो म्हणाला, "नवे कुठले, वहिनी? साहेब गेले आणि कुलूप पडलं. मी फक्त फाटकावर असतो. आत जायला मला हुकूमही नाही." मग पिशवीतली भाजी उगाच खालीवर करत म्हणाला, "आणि असता तरी गेलो नसतो. सकाळी सकाळी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो."

मी त्याला म्हटलं, कान तपासून घे. घरी येऊन मागच्या दाराची कडी दोनदा बघितली.

त्यानंतर रोज. दोन म्हणजे पोचलो. संध्याकाळी मी पातेलं हाताशी घेऊन उभी राहायची, आणि एक कधीच यायचा नाही. भीती म्हणाल तर सुरुवातीला वाटली. मग विचार केला, भ्यायचं काय त्यात? नवरा कामावर आहे. कामावर गेलेल्या माणसाची बायको विधवा नसते, एवढं कळायला शाळा पुरी करावी लागत नाही. जुना टीव्ही मेला, मुलाने कुणाकडून तरी हा चपटा आणला, तरी गच्चीवरचा काड्यांचा अँटेना मी उतरू दिला नाही. सिग्नल नसला की मुंग्या दिसू नयेत म्हणून मुलाने रिमोटवरून निळा पडदा येईल असं करून ठेवलं होतं. तोही काढायला लावला. यांना काळं पाठवायचं असेल तर मध्ये निळं कशाला?

फक्त कधी कधी संध्याकाळी वाटायचं, एवढी ड्यूटी कुणाची असते? एका माणसाने रोज पोचायचं आणि कधीच निघायचं नाही?

*

मेकॅनिक गेल्यावर मुलगा अंगावर चादर ओढून झोपला. रजेचा असा उपयोग त्याच्या बापाने कधी केला नाही. मी स्वयंपाकघरात पातेलं घासत होते. ते सकाळीच घासून झालं होतं. सून बाजूला येऊन उभी राहिली.

"आई, ते कोण करतं?"

"काय?"

"सकाळचं. तुम्ही रोज 'बरं' म्हणता ते मला ऐकू येतं."

"कान बरे आहेत तुझे. कामाचं सांगते तेव्हा कुठे जातात?"

तिने टोमणा खांद्यावरून जाऊ दिला. आमच्या घरात आली तेव्हा तिला ते जमत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही लेकीकडे राहायला गेला होता ना, तेव्हा एका सकाळी मी मुद्दाम टीव्ही लावला. बघावं म्हटलं. दोनदा काळा झाला. मी बघत राहिले. जरा थांबून परत दोनदा झाला. मग परत. मग परत. थांबेचना. आई, ते बिघडल्यासारखं नव्हतं. ते विचारल्यासारखं होतं."

माझे हात पाण्यात होते. पाणी एकदम गार लागलं.

"मग काय केलंस?"

"वायर ओढून काढली. घाबरले."

"आणि मला फोन नाही केलास?"

"काय सांगणार होते? तुमच्या टीव्हीला तुमची आठवण येतेय म्हणून?"

मी तिच्याकडे वळले, चांगलं तोंडावर फेकावं म्हणून काहीतरी शोधत. पण पोरगी माझ्याकडे नाही, बाहेरच्या टीव्हीकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "मी 'बरं' म्हणायला हवं होतं का?"

मी पातेलं पालथं घातलं. मग या घरात कुणालाच, मुलालाही न सांगितलेलं मी तिला सांगितलं. दोन म्हणजे काय, एक म्हणजे काय, आणि काय आजवर आलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी ती रडली. मी तिला कांदे चिरायला दिले. निदान कारण तरी असावं.

चिरता चिरता तिने विचारलं, "आणि आज बंद झाल्यावर?"

तोच तर प्रश्न होता. प्रक्षेपणच नसलं तर माणूस निरोप पाठवणार कशावरून? आज निघाले नाहीत तर मग कायमचेच तिथे, कुलपाच्या आत, रेघा नसलेल्या पडद्यासमोर.

"कांदा बारीक चिर," मी म्हटलं.

*

दिवेलागणीला मेकॅनिक आला. त्याच्या मागोमाग धुकंही टेकडीवरून खाली उतरलं आणि खिडकीला टेकून राहिलं. चहा झाला. मुलगा उठून केस विंचरून बसला, जणू एचडीमध्ये तोच दिसणार होता.

बातम्या लागल्या. यांच्या निघण्याची वेळ बातम्यांच्या आधीची. ती कोरडीच गेली. मी खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. बातम्या सांगणारी बाई शेवटी हसली, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार म्हणाली आणि हात जोडले. क्षणभर रंगीत पट्ट्या आल्या. मग त्याही गेल्या. मुंग्या. पडदाभर पांढऱ्या काळ्या मुंग्या, आणि तो खरखर आवाज.

"झालं. टॉवर बंद," मेकॅनिक म्हणाला. "द्या मावशी रिमोट."

"थांब."

"आई, संपलं ना आता," मुलगा म्हणाला. "कशाची वाट बघतेस?"

"थांब म्हटलं की थांबायचं. तुझा बाप थांबायचा."

मेकॅनिकने आवाज कमी करायला हात पुढे केला, मी नुसतं बघितलं, तो हात खिशात गेला. आम्ही चौघं मुंग्या बघत राहिलो. खूप वेळ बघितलं की त्यांच्यात काहीही दिसतं, वाट दिसते, माणूस दिसतो, म्हणून मी कडेला बघत होते. मुलाने एकदा खाकरून घसा साफ केला. मला वाटलं, पुरे. म्हातारीने स्वतःचं किती हसं करून घ्यायचं?

आणि पडदा काळा झाला.

निव्वळ काळा. आवाजही थांबला. खोली एवढी शांत झाली की भिंतीवरच्या घड्याळाने दचकावं. त्या काळ्या काचेत आम्ही दिसलो, मी खुर्चीत, माझ्यामागे तिघं, त्यांच्यामागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या टोकाला मागचं दार.

काचेत ते दार उघडं होतं.

मी मान वळवली. दार बंद. कडी लावलेली, मीच लावली होती.

मुंग्या परत आल्या. आवाज परत आला.

"हे कसं झालं?" मेकॅनिक पुटपुटला. तो एकदम जमिनीवर बसला. "मुंग्या अशा थांबत नाहीत, मावशी. मुंग्या म्हणजे कुणीच काही पाठवत नाहीये. काळं दिसायला कुणीतरी काळं पाठवावं लागतं."

मी दुसऱ्याची वाट बघत होते. दोन आले तर पोचलो, म्हणजे पुन्हा तेच, पुन्हा ड्यूटी. बराच वेळ गेला. मग पुन्हा काळं झालं. पुन्हा ते दार, उघडं. पुन्हा मुंग्या. दोन म्हणावं तर मध्ये केवढं अंतर. यांचे दोन पापणीसारखे जोडून असायचे. हे दोन नव्हेत. हा एक. आणि पुन्हा तोच एक.

विचारत होते.

मला कळत होतं काय म्हणायचं. एका शब्दाचं काम. सगळ्या गल्लीला पुरून उरेल एवढी जीभ देवाने दिली आहे मला, आणि ती टाळ्याला चिकटून बसली होती. तोंड उघडलं तर वाराच बाहेर आला. पडदा तिसऱ्यांदा काळा झाला आणि या वेळी तसाच राहिला. काचेत ते उघडं दार, आणि दारापलीकडे धुकं.

माझ्या खांद्यावर सुनेचा हात पडला. पडद्याकडे बघून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं ती म्हणाली, "बरं."

मुंग्या आल्या. मग काळं झालं नाही.

"करा आता तुमचं स्कॅन," मी मेकॅनिकला म्हटलं आणि रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याच्या बोटांना बटण सापडायला वेळ लागला. पडद्यावर एक रेघ भरत भरत पुढे सरकू लागली. जुना आकडा पुसला गेला, मी बघितला पुसला जाताना. रेघ अर्ध्यावर गेली, पुढे गेली, आणि एकामागून एक नवी नावं उमटायला लागली. मुलगा ताडकन उठला. "घेतोय! आई, टीव्ही एचडी घेतोय! बघ!" एक बाई उमटली, इतकी स्वच्छ की तिच्या गालावरची पावडर आणि पावडरीखालची पुटकुळी वेगवेगळी दिसत होती.

"छान आहे," मी म्हटलं. "पण इतकं बघितलं की माणसाबद्दल काही वाटायचं नाही." आणि स्वयंपाकघरात गेले.

पातेलं सुलटं करून गॅसवर ठेवलं. झाकण ठेवलं. मग मागच्या दारापाशी जाऊन कडी काढली आणि दार ओढलं. बाहेर धुकं होतं, टेकडी नव्हती. टॉवरच्या टोकावरचा तांबडा दिवा रोज दिसायचा, तोही नव्हता. मी दार तसंच उघडं ठेवून गॅसपाशी येऊन उभी राहिले, दाराकडे पाठ करून. आयुष्यभर तशीच उभी राहिले होते. वाट बघताना माझं तोंड कुणी बघू नये.

बाहेरच्या खोलीत मुलगा चॅनल बदलत होता. सून मधल्या दारातून आत आली आणि माझ्या मागून पाण्याच्या माठाकडे निघाली.

झाकण खडखडायला लागलं.

मी गॅस बारीक केला. मागे न बघता म्हटलं, "बूट बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसलीय."

सून माठापाशी पोचली नव्हती. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, ती मध्येच थांबली. मग हातातला तांब्या छातीशी धरून, काही न बोलता, ती भिंतीकडे सरकली, अरुंद जागेत मोठ्या माणसाला वाट द्यायला सरकतात तशी.